हापूसच्या गावात हातमोजे

परवा रात्री देवगडच्या आमच्या घरात, पडवीत बसून, मी लोकरीचे दोन जोड पायमोजे एकावर एक चढवत होते. बाहेर २१ अंश. डोक्यावर पंखा चालू. समोर जमिनीवर माझं सगळं सामान पसरलेलं: तीन प्रकारचे हातमोजे, माकडटोपी, काळा गॉगल, बुटांना खालून लावायच्या काटेरी साखळ्या, आणि एक निळंशार फुगीर जॅकेट, जे त्या पसाऱ्यात घरजावयासारखं ऐसपैस पडलं होतं. आईने स्वयंपाकघराच्या दारातून दोन मिनिटं हे सगळं बघून घेतलं आणि म्हणाली, "बर्फच बघूचो तर बंदरार जा गो. त्यासाठी लडाखाक कित्याक जाऊक व्हया?"

बोलणं टोमण्याचं होतं, पण आईचा नेम चुकत नाही. ही गोष्ट खरंच बंदरावरच सुरू झाली.

आधी शर्यतीबद्दल. २० फेब्रुवारी २०२३ ला लडाखमध्ये पँगाँग सरोवरावर हाफ मॅरेथॉन झाली. सरोवराच्या काठाने नाही हं, सरोवरावरून. हिवाळ्यात ते खारं पाणी गोठून कडक होतं आणि त्या बर्फावरून ७५ जण लुकुंगपासून मान गावापर्यंत २१ किलोमीटर धावले. उंची १३,८६२ फूट. गोठलेल्या तळ्यावरची जगातली सगळ्यात उंचावरची हाफ मॅरेथॉन म्हणून तिची गिनेस बुकात नोंद झाली. आयोजकांनी तिला 'लास्ट रन' असं नाव दिलं होतं. हवामान असंच तापत राहिलं तर पुढे या तळ्यावर धावता येईल की नाही कोण जाणे, हा त्या नावातला इशारा. ती बातमी वाचल्यापासून माझ्या रूममेटच्या डोक्यात किडा वळवळत होता. यंदा तो माझ्याही डोक्यात शिरला आणि आम्ही दोघींनी लडाखमधल्या अशाच बर्फावरच्या २१ किलोमीटरला नावं घातली. फी परत मिळणार नाही, हे फॉर्मवर ठळक अक्षरांत छापलेलं होतं. आम्ही ते पैसे भरल्यावर वाचलं.

माझी पात्रता विचाराल, तर मुंबईत दोन हाफ मॅरेथॉन, आणि दोन्ही वेळेला शेवटचे चार किलोमीटर स्वतःला शिव्या घालत. थंडीचा अनुभव म्हणजे मास कॉमच्या बॅचबरोबरची मनालीची ट्रिप. तिथे स्नो पॉइंटला भाड्याने मिळणारा, आपल्या आधी चाळीस जणांनी घातलेला जाडजूड सूट आठवतोय ना? तो चढवून काढलेले फोटो अजून कोणाला दाखवलेले नाहीत.

आणि मग नोव्हेंबरात बोटांचं प्रकरण झालं.

एका कामासाठी मी देवगड बंदरावर फोटो काढत होते. पहाटेची वेळ, लाँच नुकत्याच लागलेल्या, जेटीवर सुरमई-बांगड्याचे ढीग आणि बर्फाच्या लाद्या फोडून केलेला चुरा. आमच्या वाडीतले एक काका तिथेच काम करतात. चांगला फोटो मिळावा म्हणून मी पण उघड्या हातांनी त्यांच्याबरोबर बर्फ उपसायला लागले. पाच-सात मिनिटांत डाव्या हाताची तीन बोटं पांढरीफटक! गोरी-बिरी नाही, मेणबत्तीसारखी. स्पर्श कळेना. कॅमेऱ्याचं बटण दाबतेय की नाही, ते डोळ्यांनी बघावं लागत होतं. काकांनी हात धरून चहाच्या टपरीवर नेलं आणि गरम ग्लास फडक्यात गुंडाळून माझ्या तळहातांत धरवला. आधी बोटं निळी पडली, मग लाल, आणि मग अशी ठणकली की डोळ्यांत पाणी आलं. एकूण २५ मिनिटं गेली. काका मात्र वीस वर्षं त्याच बर्फात हात घालतायत. त्यांच्या बोटांना भेगा आहेत, पण रंग जात नाही.

मुंबईला परतल्यावर डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नाव सांगितलं, रेनॉ. थंडीत प्रत्येकाच्याच बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, कारण शरीर आधी हृदय आणि मेंदू सांभाळतं. रेनॉवाल्यांच्या रक्तवाहिन्या गरजेपेक्षा जास्त आकसतात, कधी नुसत्या टेन्शननेही. तरुण मुलींमध्ये हा प्रकार बऱ्यापैकी दिसतो. ऑफिसच्या एसीत तुमच्या शेजारच्या टेबलावरची मुलगी सतत चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसत असेल, तर तिला एकदा बोटांचा रंग विचारा. मागे दुसरा एखादा आजार नाही ना, हे बघायला माझ्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. त्या नॉर्मल आल्या. मग मी शर्यतीचं सांगितलं. डॉक्टर जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "जायचं तर जा. पण बाकीचे लोक तिथे पायांची तयारी करतील, तू हातांची कर." त्यांनी एक अटही घातली. ती पुढे सांगते.

एवढं ऐकून मी काय केलं असेल? सेलमध्ये सगळ्यात जाड जॅकेट घेतलं. तेच ते निळं. आत पिसं भरलेली, वजनाला हलकं, किंमत माझ्या अडीच लेखांच्या मानधनाएवढी. घातलं की आपण एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवर उभे आहोत असं वाटतं.

ते जॅकेट घेऊन नाताळात गावी आले आणि आमच्या शेजारचे सुभेदार काका बघायला आले. काका फौजेतून निवृत्त होऊन आता कलमं सांभाळतात. नोकरीतला एक हिवाळा त्यांनी सियाचीनला काढलाय. त्याबद्दल ते सहसा बोलत नाहीत. जॅकेट हातात घेऊन त्यांनी उलटसुलट केलं आणि विचारलं, "ह्यां घालून बसतलंस काय धावतलंस?"

धावणार, म्हटलं.

"मगे ह्यां नको. थंडीन माणूस मरणा नाय बाय, घामान मरता. घाम इलो काय मेलंस म्हणान समज."

उणे तापमानात घाम? मला ही खास फौजी अतिशयोक्ती वाटली. पण नंतर वाचत गेले, तेव्हा कळलं की बर्फावर धावायच्या कपड्यांचा सगळा फंडाच काकांनी एका वाक्यात सांगितला होता. धावताना शरीर एखाद्या भट्टीसारखं उष्णता तयार करतं. बसल्या जागी ऊब देणारं जॅकेट घालून धावलात, तर दोन किलोमीटरमध्ये आतून चिंब व्हाल. पाणी हवेच्या जवळपास २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. म्हणजे जोवर धावताय तोवर ठीक, पण पाणी प्यायला थांबलात किंवा पाय मुरगळून चालायला लागलात, की भट्टी मंद होते आणि ओला कपडा अंगाला बर्फासारखा चिकटतो. त्यात पिसांचं जॅकेट भिजलं की पिसं गोळा होतात आणि ऊब धरणारी हवाच आत राहत नाही.

पटत नसेल तर जुलै आठवा. पावसात भिजून, लोकलमध्ये चेंगरून तुम्ही ऑफिसला पोचलात आणि कोणीतरी एसी १८ वर ठेवलाय. बाहेर २६ अंश असताना अर्ध्या तासात दात वाजतात की नाही? आता त्या १८ च्या जागी उणे १८ घाला.

म्हणून नियम असा, की शर्यतीच्या सुरुवातीला थोडी थंडी वाजलीच पाहिजे. रेषेवर उभं असताना मस्त ऊबदार वाटत असेल, तर तुम्ही एक कपडा जास्त घातलाय. (हा नियम फक्त धडाला आणि पायांना लागू. हातांचं वेगळं.)

पहिला थर अंगालगतचा. इथे सुती कपडा पूर्ण बाद. आपलं सगळं आयुष्य कॉटनमध्ये गेलंय, आणि कोकणात ते बरोबरच आहे, पण कॉटन घाम पितं आणि धरून ठेवतं. त्याऐवजी घाम बाहेर ढकलणारं पॉलिएस्टर किंवा मग मेरिनो लोकर. मेरिनोचा एक पूर्ण बाह्यांचा बनियन मी साडेतीन हजारांना घेतला आणि आईपासून ती किंमत लपवली. तिला कळलीच. "लोकरीचो बनियन? अंगाक चावात ना तो!" तिच्या डोळ्यांसमोर आजोबांचं कांबळं होतं.

आणि इथे माझी ट्यूब पेटली. आजोबा भातलावणीला भर पावसात कांबळ्याची खोळ डोक्यावर घेऊन दिवसभर शेतात वाकलेले असायचे. प्लॅस्टिकच्या घोंग्या आल्यावरही त्यांनी कांबळं सोडलं नाही. लहानपणी मला तो हट्ट वाटायचा. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओलावा आत शोषतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. त्याच्या कुरळेपणात हवा अडकून राहते, त्यामुळे भिजला तरी तो ऊब देतो. आई हे एवढंच म्हणाली, "कांबळां भिजला तरी ऊब सोडणा नाय." साडेतीन हजारांच्या बनियनच्या पाकिटावर इंग्रजीत हेच छापलेलं होतं! फरक फक्त तंतूच्या जाडीचा. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडी-भरडी म्हणून टोचते, मेरिनोची बारीक म्हणून टोचत नाही. आणि पँगाँग ज्या चांगथांग पठारावर आहे, तिथल्या शेळ्यांच्या अंगावरची आतली मऊ लव म्हणजे पश्मिना. ती मेरिनोहून बारीक. पश्मिना घालून धावणं मात्र माझ्या बजेटच्या आणि अकलेच्याही बाहेरचं.

दुसरा थर पातळ फ्लीसचा, गळ्यापाशी चेन असलेला. ही चेन महत्त्वाची. घाम येईल असं वाटलं की उघडायची, वारा लागला की लावायची. तुमच्या अंगावरचा एसीचा रिमोट समजा.

तिसरा थर वाऱ्यासाठी. देवगडकरांना वाऱ्याबद्दल शिकवायची गरज नाही. आमच्या सड्यावर पवनचक्क्या काय उगाच उभ्या आहेत? तिथे संध्याकाळी धावायला गेले की कानात नुसतं घोंघावतं. पण इकडे वारा म्हणजे सुख, तिकडे शिक्षा. आपल्या अंगाभोवती गरम हवेचा पातळ थर असतो, तो वारा सतत उडवून नेतो. थर्मामीटरवर उणे १० असेल आणि ताशी २० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या कातडीला ते उणे १८ सारखं लागतं. उणे २० आणि ताशी ३० चा वारा म्हणजे जवळजवळ उणे ३३. तळं हे सपाट मैदान, आडोशाला झाड नाही. त्यामुळे वरचं जाकीट जाड नको, पण वारा अडवणारं हवं, आणि आतली वाफ बाहेर जाऊ देणारं. मी ते सड्यावर तपासलं. चक्क्यांच्या खाली वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि कुठून गार लागतं ते बघितलं. बगलेतल्या जाळीतून आणि चेनच्या शिवणीतून लागलं. चेनच्या आत पट्टी असलेलं दुसरं आणलं.

पुरुष वाचकांसाठी एक नाजूक सूचना: वारा पुढून येतो आणि धावायच्या चड्ड्या पातळ असतात. पुढच्या बाजूला वारा न शिरणारं कापड लावलेली अंतर्वस्त्रं मिळतात. लाजू नका, घ्या. सुभेदार काकांनी हे मला सांगितलं नाही, पण माझ्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं, आणि कशासाठी ते त्यालाही कळलं नाही, कारण तो कुठेच जात नव्हता.

पायांचं लवकर उरकते. बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे. जाड मोज्यांसाठी आवळ बूट घातले तर रक्त अडतं आणि बोटं जास्त गारठतात. म्हणजे परवा रात्री मी चढवत होते ते दोन जाड मोजे हा चुकीचा प्रयोग होता. एक पातळ, एक मध्यम, आणि आत बोटं हलली पाहिजेत. बर्फावर घसरू नये म्हणून बुटाला खालून रबराने अडकणाऱ्या काटेरी साखळ्या. या साखळ्या देवगडात कुठे तपासणार? बंदरावर काकांनी बर्फाची एक अख्खी लादी आडवी टाकून दिली. मी साखळ्या लावून त्यावर उभी राहिले, एक पाय उचलला, घसरले नाही. भोवती जमलेल्या खलाशांनी टाळ्या वाजवल्या. एकाने विचारलं, "ह्येच्यासाठी पैसे गावतत काय?" उलट भरावे लागतात म्हटल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

तोंडाला काय लावायचं, यावर घरात सगळ्यांची मतं होती. आईचं उत्तर खोबरेल. पण खोबरेल २४ अंशांच्या आसपासच थिजायला लागतं, आमच्याकडे जानेवारीत सकाळी बाटली उन्हात ठेवावी लागते, मग लडाखचं काय बोलावं! पेट्रोलियम जेलीने हिमदंश टळतो अशीही एक समजूत आहे. टळत नाही, उलट उगाच निर्धास्त वाटतं. नाकातोंडावर ओढायची कापडी नळी, वर कान झाकणारी टोपी, आणि उन्हासाठी सनस्क्रीन. उंचीवर दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण १० टक्के वाढतात आणि बर्फावरून ते परत उलटे डोळ्यांत येतात, म्हणून गॉगल बाजूंनीही बंद असलेला. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, कारण पाणी वरून गोठत येतं आणि तोंड शेवटी बंद होतं. मोबाइल अंगालगतच्या खिशात, नाहीतर बॅटरी झोपते. संपलं.

आता हात. माझा सगळा वेळ आणि निम्मे पैसे इथे गेलेत.

पहिला धडा असा की पाच बोटांचे सुटे मोजे दिसायला स्टायलिश, पण ऊबेला कच्चे. प्रत्येक बोट आपापल्या खोलीत एकटं गारठतं. चार बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा अशी पिशवी बरी, बोटं एकमेकांना शेकतात. एकत्र कुटुंबपद्धतीचा हा एक तरी फायदा मान्य करायला हवा. मी तीन थर ठरवले. आत पातळ लोकरीचे पाच बोटांचे मोजे, म्हणजे पिशवी काढावी लागली तरी कातडी उघडी पडणार नाही. त्यावर जाड पिशवी. त्यावर वारा अडवणारं मोकळं आवरण. आणि दोन्ही पिशव्या दोरीने मनगटाला बांधलेल्या, लहान मुलांच्या असतात तशा. वाऱ्यावर एक हातमोजा उडून गेला, तर तिथल्या तळ्यावर दुकान नाही.

दुसरा धडा बंदरावरच्या काकांकडून. माझे मोजे बघून ते म्हणाले, "ता सगळा ठीक. मोजे घालून गाठ सुटता काय ता बघ आधी." बघितलं. गाठ सोडाच, मला जाकिटाची चेन पकडता येईना. खाऊचं पाकीट फोडता येईना. म्हणजे प्रत्येक वेळी मोजा काढा, आणि माझ्या बोटांना तेवढं निमित्त पुरे. काकांनी जाळ्याच्या नायलॉन दोरीचे तुकडे कापून प्रत्येक चेनला बोटभर लांबीचे फास बांधून दिले, कधी न सुटणारी त्यांची ती गाठ मारून. आता मी अख्ख्या पंजाने चेन ओढते. खाऊची पाकिटं आधीच कोपऱ्यात कातरून ठेवायची. दहा रुपयांचं काम, पण कुठल्याच दुकानात मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. हात शेकायच्या छोट्या पुड्या मिळतात. पाकीट फोडलं की आपोआप गरम होतात. आत काय असतं माहितीये? लोखंडाची भुकटी, मीठ, थोडं पाणी, कोळशाची पूड. हवा लागली की लोखंड गंजतं आणि गंजताना उष्णता सोडतं. देवगडच्या माणसाला हे सांगायचं म्हणजे! आमच्याकडे खाऱ्या हवेने खिडकीचे गज, सायकल, गेटच्या कड्या, सगळं बारा महिने गंजत असतं, आणि बाबा दर दिवाळीला रंगाचा डबा घेऊन बसतात. तेच गंजणं मी पाकिटात विकत घेतलं. मात्र एक मेख आहे. गंजायला प्राणवायू लागतो, आणि पँगाँगच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच उरतो. त्यामुळे पुडी हळू तापते. ती आधी फोडून, हलवून, चांगली गरम झाली की मगच मोज्यात सरकवायची, आणि कधीही थेट कातडीला नाही. बधिर बोटांना भाजलेलं कळत नाही.

दाबाचं निघालंच आहे तर, समुद्रकाठच्या माणसाने लेहला उतरून लगेच धावायचा विचारही करू नये. लेहच मुळी ३,५०० मीटरवर आहे. आम्ही काही दिवस तिथे नुसतं राहून, हळूहळू चालून शरीर सरावू देणार आहोत. आणि जाड जॅकेट, ज्याच्यावर मी अडीच लेख उधळले, तसली लेहमध्ये भाड्याने मिळतात. धावायच्या आधी आणि नंतर घालायला ते लागणारच, पण विकत घ्यायची गरज नव्हती. पैसे कमी असतील तर हा क्रम ठेवा: आधी हात, मग पाय, मग अंगालगतचा थर. जॅकेट भाड्याने. मी नेमकं उलटं केलं.

हे सगळं मी हसत लिहितेय, पण एक बातमी मला रोज आठवते. कॅनडातल्या युकॉनमध्ये २००३ पासून शेकडो किलोमीटरची एक हिवाळी शर्यत होते, स्पर्धक आपलं सामान घसरगाडीवर ओढत नेतात. २०१८ ला तिथे पारा उणे ४० च्याही खाली गेला, आणि हिमदंशाने एका अनुभवी इटालियन धावपटूला आपले पाय गमवावे लागले. त्याच्याकडे सामान नव्हतं असं नाही. अंगातलं तापमान फार उतरलं की आधी डोकं काम करेनासं होतं. माणसाला उलट गरम वाटायला लागतं आणि तो स्वतःच कपडे काढून टाकतो. आमच्या २१ किलोमीटरची आणि त्याची तुलना नाही, वाटेत मदतीला माणसं असतात. तरीही, आपलं बिनसलंय हे सगळ्यात शेवटी आपल्यालाच कळतं, हे सुभेदार काकांनीही सांगितलं. त्यांच्याकडे जवान एकमेकांची नाकं आणि गाल बघत बसायचे. पांढरा ठिपका दिसला की दुसऱ्याने सांगायचं. पहिल्याने वाद घालायचा नाही.

डॉक्टरांची अट हीच होती. पाणी प्यायच्या प्रत्येक थांब्यावर रूममेटने माझ्या आतल्या पातळ मोज्यावरून बोटं दाबायची. स्पर्श कळला नाही, तर गरम जागी जायचं आणि थांबायचं. फी, विमानाचं तिकीट, हे सगळं लेखात छापून येणार आहे, यातलं काहीही मध्ये आणायचं नाही. निर्णय तिचा, माझा नाही. मला हे मान्य करायला आठवडा लागला. तीन महिने पहाटे उठून वाळूत धावायचं आणि आठव्या किलोमीटरला कोणीतरी आपली बोटं दाबून 'चल, बस झालं' म्हणायचं! पण ही बोटं माझी पोटापाण्याची आहेत. मी टाइप करून जगते.

या सगळ्यात बाबा वेगळ्याच थंडीच्या चिंतेत आहेत. यंदा थंडी उशिरा आली, मोहोर मागे-पुढे फुटतोय. ते रोज पहाटे उठून कलमांखाली उभे राहतात आणि गार वाटलं की खूश होतात. परवा मी जॅकेट घालून अंगणात आले, तर म्हणाले, "थोडी हय ठेवन जा ती थंडी."

काल बर्फाच्या कारखान्यात ओळख काढून लाद्या साठवायच्या खोलीत शिरले. आतल्या थर्मामीटरवर उणे ६. उघड्या हातांची परीक्षा घ्यायला डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय, म्हणून तिन्ही थर घालून, पुड्या आत सरकवून, जागच्या जागी २० मिनिटं धावले. खोलीबाहेर कारखान्यातले दोघे आणि माझा भाऊ काचेतून बघत होते. भाऊ व्हिडिओ काढत होता, अर्थात. चेन तीनदा उघडली, तीनदा लावली. एका कातरलेल्या पाकिटातून चिक्की खाल्ली. बाहेर येऊन मोजे उतरवले आणि दहाही बोटं उजेडात धरली. नऊ गुलाबी. डाव्या हाताची करंगळी टोकाला पांढरी, दाबली तर कळत होतं, पण पांढरी. रंग यायला चार मिनिटं लागली.

रूममेटला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं: "डाव्या मोज्यात दोन पुड्या. आणि निळं जॅकेट विकून टाक."

जॅकेटला अजून गिऱ्हाईक मिळालेलं नाही. देवगडात मिळेल असं वाटतही नाही.